मोडका संघ आणि नवा कारभारी : व्हिन्स लोम्बार्डी

कॅडेट मित्रांनो, दरवर्षी आंतर-हाउस स्पर्धा संपल्या की एखादे हाउस गुणतक्त्याच्या तळाशी असते. पुढच्या सत्रात त्या हाउसला नवा कॅप्टन मिळतो आणि दोन-चार दिवसांत तो मैदानाच्या कडेला मला गाठून विचारतो, सर, सुरुवात कुठून करू? मुले तीच, मैदान तेच, मग निकाल बदलणार कसा? या प्रश्नाला मी उपदेशाने उत्तर देत नाही. मी त्याला व्हिन्स लोम्बार्डी यांची हकीकत सांगतो. ती आज इथे सगळ्यांसाठी लिहितो आहे.

लोम्बार्डी अमेरिकन होते आणि त्यांचा खेळ अमेरिकन फुटबॉल. तो आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा, रग्बीच्या जवळचा. चेंडू लांबट, दोन्ही बाजूंना टोके असलेला. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. क्वार्टरबॅक हा मैदानावरचा सूत्रधार. चेंडू फेकायचा की कुणाच्या हाती द्यायचा हे तो पाहतो. त्याच्या पुढे धिप्पाड गड्यांची फळी असते आणि ती वाट मोकळी करते. एवढे कळले की पुढचे सगळे कळेल.

लोम्बार्डी यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. घराणे इटलीतून आलेले, वडील खाटीक, पाच भावंडांत हे थोरले. लहानपणी त्यांना धर्मगुरू व्हायचे होते आणि त्या शिक्षणासाठी ते काही वर्षे गेलेही. पुढे तो मार्ग सोडून ते फोर्डहॅम विद्यापीठात खेळाच्या शिष्यवृत्तीवर दाखल झाले. अंगाने ते फार मोठे नव्हते, पण त्या संघाची पुढची फळी इतकी चिवट होती की लोक तिला ग्रॅनाइटचे सात दगड म्हणत. त्यातला एक दगड लोम्बार्डी.

१९३९ साली ते न्यू जर्सीतल्या एंगलवूड गावच्या सेंट सेसिलिया शाळेत शिक्षक झाले. लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवायचा, असा दिनक्रम आठ वर्षे चालला. वर्गातल्या सगळ्यांत मागे पडलेल्या मुलालाही कळेपर्यंत धडा पुन्हा सांगायचा, ही त्यांची सवय तिथली. खेळाडूंना फळ्यावर डावपेच समजावतानाही ते शेवटपर्यंत शिक्षकच राहिले.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. १९४९ साली लोम्बार्डी वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीत, फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक म्हणून गेले. त्यांनी स्वतः कधी सैन्यात नोकरी केली नव्हती. तिथले मुख्य प्रशिक्षक कर्नल अर्ल ब्लेक हे त्यांचे खरे गुरू. ब्लेक यांची पद्धत लष्करी नियोजनासारखी होती. सामन्याची फिल्म पुन्हा पुन्हा पाहायची, प्रत्येक खेळाडूची प्रत्येक हालचाल तपासायची, जे निरुपयोगी ते काढून टाकायचे आणि जे उरेल ते इतके घोटायचे की चूक होण्याला जागाच राहू नये. आरडाओरडा न करता हे सगळे चाले. जनरल डग्लस मॅकआर्थर अमेरिकेत परतून न्यूयॉर्कच्या हॉटेलात राहू लागल्यावर त्यांना आठवड्याच्या सामन्याची फिल्म दाखवायला ब्लेक लोम्बार्डी यांनाच पाठवीत. एवढा मोठा सेनानी कॅडेटांच्या खेळातले बारकावे विचारतो आहे आणि हा सहायक प्रशिक्षक प्रोजेक्टर चालवत उत्तरे देतो आहे, हे चित्र मला फार आवडते.

पण वेस्ट पॉइंटचा सर्वांत मोठा धडा कडू होता. तिथल्या कॅडेटांची एक आचारसंहिता आहे. खोटे बोलायचे नाही, फसवायचे नाही, चोरी करायची नाही आणि कुणी तसे करत असेल तर ते झाकायचे नाही. १९५१ साली उघड झाले की काही कॅडेट परीक्षेतले प्रश्न आधी परीक्षा दिलेल्यांकडून मिळवत होते आणि बाकीचे काहीजण माहीत असून गप्प होते. सुमारे ९० कॅडेटांना अकादमी सोडावी लागली. त्यांत फुटबॉल संघातले बहुतेक खेळाडू होते आणि खुद्द कर्नल ब्लेक यांचा मुलगाही होता. देशातला एक नावाजलेला संघ एका उन्हाळ्यात संपला. अकादमीला पळवाट शोधता आली असती. तिने ती शोधली नाही.

त्या हंगामात कोवळ्या, अननुभवी मुलांना घेऊन उतरलेल्या लष्कराच्या संघाने नऊपैकी सात सामने गमावले. ब्लेक यांच्या मनात राजीनाम्याचा विचार आला होता, पण ते राहिले. लोम्बार्डीही राहिले. पुढच्या वर्षी चार जिंकले, चार हरले, एक बरोबरीत. १९५३ साली सात विजय, एक पराभव, एक बरोबरी. मोडलेला संघ पुन्हा कसा उभा राहतो हे लोम्बार्डी यांनी या तीन वर्षांत रोजच्या कष्टांतून पाहिले. नामुष्कीनंतर गुरू मैदानावर येतो, फिल्म लावतो आणि पहिल्या धड्यापासून सुरू करतो, हे शिक्षण कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

१९५४ मध्ये ते न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात सहायक म्हणून गेले. आदल्या वर्षी त्या संघाने बारापैकी तीनच सामने जिंकले होते. १९५६ मध्ये तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. तरीही मुख्य प्रशिक्षकाचे पद लोम्बार्डी यांना मिळेना. आपले इटालियन आडनाव आड येते, असे त्यांना वाटे. पंचेचाळिशी गाठली तेव्हा कुठे बोलावणे आले, तेही अशा ठिकाणाहून जिथे जायला कुणी उत्सुक नव्हते.

ते ठिकाण म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातले ग्रीन बे. सुमारे ६० हजार वस्तीचे थंड, आडबाजूचे गाव. तिथला पॅकर्स हा संघ १९१९ साली स्थापन झालेला आणि कुणा धनिकाच्या मालकीचा नाही. गावातल्या सामान्य माणसांनी भाग घेऊन तो जगवलेला. एकेकाळी त्याने बरीच अजिंक्यपदे जिंकली होती, पण १९४७ नंतर एकाही हंगामात पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नव्हते. १९५८ साली तर कहर झाला. बारा सामन्यांत एक विजय, एक बरोबरी, दहा पराभव. दुसऱ्या संघांतले प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना म्हणे ग्रीन बेला धाडून देण्याची भीती घालत. संघ गावातून जाईल की काय, अशी धास्ती लोकांना होती.

१९५९ च्या सुरुवातीला लोम्बार्डी यांनी ही जबाबदारी घेतली, पण एका अटीवर. ते मुख्य प्रशिक्षक होतील आणि जनरल मॅनेजरही तेच असतील. जनरल मॅनेजर म्हणजे संघाचा कारभारी : कोणाला घ्यायचे, कोणाला सोडायचे, पगार किती, पैसा कुठे खर्चायचा, हे ठरवणारा. तोवर कार्यकारी मंडळातले गावकरी निवडीत आणि डावपेचांत हात घालत. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी प्रशिक्षकांची गत होई. लोम्बार्डी यांनी स्पष्ट केले की खेळाचा निर्णय एकाच ठिकाणी होईल आणि यश-अपयशाचा जाबही त्याच माणसाला विचारावा. सैन्यात ज्याला आपण एकछत्री हुकमत म्हणतो तीच ही. लक्षात घ्या, त्यांनी अधिकार मागितला तेव्हा जबाबदारीही सोबत मागितली. अधिकाराची मागणी पुष्कळजण करतात, जबाबदारीची कमीजण.

मग त्यांनी काय केले? नव्या कॅप्टनांना मी इथे थांबवतो, कारण बहुतेकांना वाटते की आता सगळ्यांना काढले असेल. लोम्बार्डी यांनी पहिले काही महिने एकही भाषण न ठोकता एका खोलीत प्रोजेक्टर लावला आणि आदल्या हंगामातल्या सामन्यांच्या फिल्म पाहिल्या. पुढे, मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक खेळाडू कुठे चुकतो, कुठे कसूर करतो आणि कुठे चांगला असूनही चुकीच्या जागी उभा आहे, याची नोंद केली.

या पाहणीतून मोठी गोष्ट कळली. दहा सामने हरलेल्या त्या संघात गुणी माणसे भरपूर होती. जॅक व्हाइनिसी नावाच्या तरुण, कष्टाळू निवडकर्त्याने गेल्या काही वर्षांत ती हेरून आणली होती. फॉरेस्ट ग्रेग, जेरी क्रेमर, जिम टेलर, रे निट्शके, पॉल हॉर्नंग, बार्ट स्टार, ही सगळी मुले आधीपासून तिथेच होती. पुढे यांतले प्रत्येक नाव या खेळाच्या राष्ट्रीय सन्मानदालनात लागले. बियाणे चांगले होते, मशागत नव्हती. व्हाइनिसी मात्र १९६० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारला. आपल्या कष्टांचे पहिले अजिंक्यपद त्याला पाहता आले नाही. कोणत्याही विजयात असे एक नाव असते. ते शोधून सांगणे हे आपले काम.

हॉर्नंग कॉलेजातला मोठा तारा होता, पण पॅकर्सनी त्याला कधी या जागी, कधी त्या जागी खेळवून पार गोंधळवले होते. लोम्बार्डी यांनी त्याला हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, अशी एकच जागा दिली आणि ती कायम केली. बार्ट स्टारची कथा आणखी बोलकी. १९५६ च्या निवडीत तो सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर घेतला गेलेला. अबोल, सभ्य मुलगा. लोम्बार्डी यांनाही सुरुवातीला त्याची खात्री नव्हती. पहिल्या हंगामाच्या उत्तरार्धात त्याला संधी मिळाली. एकदा सरावात लोम्बार्डी त्याच्यावर सर्वांदेखत ओरडले, तेव्हा स्टार त्यांच्या खोलीत गेला आणि शांतपणे म्हणाला की मी चुकलो तर इथे बंद दाराआड हवे तेवढे बोला, पण ज्यांचे नेतृत्व मी करायचे त्यांच्यासमोर माझी अब्रू काढू नका. लोम्बार्डी यांनी ते ऐकले आणि तसे पुन्हा केले नाही. तुम्ही कॅडेट ॲपॉइंटमेंट घेतलीत की हा प्रसंग आठवा.

काहींना जावेही लागले. बिली हॉवटन हा संघातला सर्वांत नावाजलेला चेंडू झेलणारा; त्याला क्लीव्हलँडला देऊन त्यांनी दोन उपयोगी खेळाडू मिळवले. बॉल्टिमोरकडून फझी थर्स्टन, क्लीव्हलँडकडून हेन्री जॉर्डन आणि पुढच्या वर्षी विली डेव्हिस, असे इतरांनी फारसे न जपलेले गडी त्यांनी आणले. जायंट्समधून एमलेन टनेल हा अनुभवी बचावपटू आला. तरुणांना जिंकण्याची सवय म्हणजे काय हे दाखवणारा एखादा ज्येष्ठ सोबत हवा असतो.

उन्हाळी शिबिरात शिस्त कडक होती. बैठकीची वेळ नऊची असेल तर पावणेनऊला हजर. घड्याळाप्रमाणे वेळेवर आलेला माणूस उशिरा आला असे समजले जाई. डावपेच थोडेच ठेवले, पण एकेक शेकडो वेळा करून घेतला. त्यांचा आवडता डाव असा : फळीतले दोन गडी, क्रेमर आणि थर्स्टन, आपली जागा सोडून कडेकडे धावतात, त्यांच्या पाठीमागून हाफबॅक चेंडू घेऊन येतो आणि त्या दोघांनी उघडलेल्या फटीतून सुटतो. सगळ्या विरोधकांना हा डाव माहीत होता. तरीही तो अडवता येत नसे, कारण अकराही जण आपापली दोन पावले अचूक टाकत. आपल्या ड्रिल स्क्वेअरवर उस्ताद एकच हालचाल का घोटून घेतात, याचे उत्तर यात आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला त्यांच्या सर्व विजयांहून मोठी वाटते. त्या काळी अमेरिकेत वर्णभेद उघड होता. ग्रीन बेमध्ये कृष्णवर्णीय माणसे मोजकीच, आणि त्यांना चांगले घर मिळणे कठीण. लोम्बार्डी यांनी संघात स्पष्ट केले की रंगावरून कोणी कोणाला हिणवले तर तो इथे राहणार नाही. गावातल्या उपाहारगृहांना निरोप गेला की जिथे माझ्या एका खेळाडूला मज्जाव असेल तिथे संघातला कोणीच पाऊल टाकणार नाही. आपल्या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची माणसे एका लंगरमध्ये जेवतात. ही परंपरा आपल्याला आयती मिळाली. त्यांना ती घालावी लागली.

२७ सप्टेंबर १९५९ रोजी पहिला सामना शिकागो बेअर्सशी झाला. निकाल ९-६, विजय. पहिले तीन जिंकले, मग सलग पाच हरले. इथे जुना संघ कोसळला असता. हा सावरला आणि उरलेले चारही जिंकून ७-५ वर थांबला. बारा वर्षांत प्रथमच विजय पराभवांपेक्षा जास्त. पुढच्या वर्षी थेट अंतिम सामना. २६ डिसेंबर १९६० रोजी फिलाडेल्फियात शेवटच्या क्षणी जिम टेलर गोलरेषेपासून काही यार्डांवर अडवला गेला आणि पॅकर्स १७-१३ असे हरले. हा पराभव लोम्बार्डी यांनी पोटात घातला. पुढच्या उन्हाळ्यात उपविजेत्या संघापुढे ते चेंडू हातात घेऊन उभे राहिले आणि हा फुटबॉल आहे, इथपासून शिकवायला सुरुवात केली. बाद फेरीचा एकही सामना त्यांचा पॅकर्स पुन्हा हरला नाही.

१९६१ मध्ये बर्लिनच्या पेचप्रसंगामुळे हॉर्नंग, निट्शके आणि बॉइड डाउलर यांना सैन्यात बोलावले गेले. ते सुट्टी मिळेल तसे खेळायला येत. अंतिम सामन्यात जायंट्सचा ३७-० असा धुव्वा उडाला, त्यातले १९ गुण एकट्या हॉर्नंगचे. १९६२ मध्ये चौदापैकी तेरा विजय आणि पुन्हा अजिंक्यपद.

आणि मग कसोटी आली. १९६३ च्या एप्रिलमध्ये उघड झाले की हॉर्नंगने सामन्यांवर पैजा लावल्या होत्या. लीगने त्याला अनिश्चित काळासाठी बाहेर काढले. लोम्बार्डी यांचा तो अगदी लाडका खेळाडू, जवळजवळ मुलासारखा. त्यांना ते फार लागले, पण त्यांनी शिक्षेविरुद्ध लढा दिला नाही. वेस्ट पॉइंटचे १९५१ साल त्यांना आठवले असणार, असे मला वाटते. त्या हंगामात पॅकर्स थोडक्यात दुसरे आले. सलग तिसरे अजिंक्यपद हुकले. पुढच्या वर्षी शिक्षा संपल्यावर हॉर्नंग परतला, तेव्हा लोम्बार्डी यांनी त्याला पुन्हा जवळ केले. शिक्षा पूर्ण भोगू द्यायची आणि मग दार उघडे ठेवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमल्या.

१९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन अजिंक्यपदे त्यानंतर आली. शेवटच्या वर्षीचा ३१ डिसेंबरचा सामना अजून लोकांच्या तोंडी आहे. तापमान शून्याखाली २५ अंश सेल्सिअस. कारभारी म्हणून लोम्बार्डी यांनी मोठा खर्च करून मैदानाखाली विजेची उष्णता देणारी यंत्रणा बसवली होती. नेमकी त्या दिवशी ती उपयोगी पडली नाही आणि जमीन दगडासारखी गोठली. डॅलस संघ १७-१४ असा पुढे. पाच मिनिटेही उरली नव्हती आणि ६८ यार्ड जायचे होते. घसरत, धडपडत पॅकर्स गोलरेषेपर्यंत पोचले. सोळा सेकंद बाकी. चेंडू लाथेने मारून बरोबरी साधता आली असती. स्टारने कडेला येऊन सांगितले की पायाखाली जमीन धरत नाही, मी स्वतःच चेंडू घेऊन घुसतो. लोम्बार्डी यांनी होकार दिला. क्रेमरने फट पाडली, स्टार आत पडला. २१-१७. एकेकाळचा २०० व्या क्रमांकाचा तो मुलगा निर्णय घेत होता आणि त्याला घडवणारा कडेला उभा होता. नेतृत्वाची परिणती हीच, की शेवटच्या सोळा सेकंदांत तुमच्या हाताखालच्या माणसाला तुमची गरज उरत नाही.

दोन आठवड्यांनी सलग दुसरा सुपर बोल जिंकून त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. सात वर्षांत पाच अजिंक्यपदे झाली होती. फक्त कारभारी म्हणून एक वर्ष काढले, पण मैदानावाचून करमेना. १९६९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. त्या संघाला १९५५ नंतर चांगला हंगाम लाभला नव्हता. पहिल्याच वर्षी सात विजय, पाच पराभव, दोन बरोबरी. दुसरे वर्ष त्यांना मिळाले नाही. आतड्याच्या कर्करोगाने ३ सप्टेंबर १९७० रोजी, अवघ्या ५७ व्या वर्षी ते गेले. सुपर बोलच्या विजेत्याला दरवर्षी मिळणारा चषक त्यांच्या नावाचा आहे.

पालक हे पान वाचतात म्हणून एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. या यशाची किंमत त्यांच्या घराने मोजली. पत्नी मेरी, मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्याला ते कमीच आले. रागही जबर होता. शिबिरात मुलांना उन्हात कोसळेपर्यंत पळवण्याची त्यांची रीत आज आपल्या मैदानावर मी चालू देणार नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते निवडून घ्यावे.

तर नव्या कॅप्टना, सुरुवात कुठून करू, याचे उत्तर. आधी पाहा. बोलण्यापूर्वी, कोणाला काढण्यापूर्वी, महिनाभर नीट पाहा. तुझ्या हाउसमध्ये एखादा बार्ट स्टार राखीव बाकावर गप्प बसला असेल आणि एखादा हॉर्नंग चुकीच्या जागी खेळत असेल. मग दोन-तीन गोष्टीच निवड आणि त्या घोटून घे. कोणाला ओरडायचे असेल तर दार लावून घे. आणि हाउसमधल्या कुणी कॉपी केली किंवा खोटा गुण मिळवला, तर तो गुण परत कर, मग गुणतक्त्यात पुन्हा तळाशी जावे लागले तरी चालेल. तिथून वर येता येते. वेस्ट पॉइंटचा संघ आला होता.